पोटातले जंतू आणि रक्तातली साखर

(नवघर येथील आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

दरवर्षी वर्धापनदिनाला आमच्या वाट्याला चळवळीचा इतिहास येतो. महाडचा संगर, नामांतराचा लढा, गिरणगावातला संप. यंदा समितीने विचारलं, विषय काय घेता? आम्ही म्हटलं, पोट. मंडळी हसली. एकजण तर म्हणाला, दादा, पोटाचा विषय भाषणानंतर भोजनदानात येतोच आहे. पण आम्ही थट्टा करत नव्हतो. गेल्या वर्षावासात याच सभागृहात जे घडलं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना आमचं म्हणणं कळेल.

पौर्णिमेचा दिवस होता. पंधरा-वीस उपासिकांनी अष्टशील घेतलं होतं. त्यात आपल्या एक मावशी होत्या. नाव घेत नाही, त्या समोरच बसल्या आहेत. त्यांना साखरेचा आजार बारा वर्षांचा. सकाळी नेहमीप्रमाणे गोळी घेतली. विहारात लवकर पोहोचायचं म्हणून अर्धी चपाती आणि चहा, एवढंच खाल्लं. दुपारच्या जेवणाच्या वेळी इतरांना वाढण्यात राहिल्या आणि बारा वाजून गेले. बारानंतर अन्न नाही, हा नियम त्यांनी पाळला. चार वाजता त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध झालं. आणि बंधू-भगिनींनो, सांगायला लाज वाटते, मागून एक आवाज आला, "अंगात आलं वाटतं." बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा या भिंतीवर लिहिलेल्या आहेत आणि त्या भिंतीखाली आपण हे बोललो. कोणी कांदा फोडून आणला, कोणी चप्पल हुंगवायला निघालं. आमची धाकटी मुलगी एका लॅबमध्ये कामाला आहे. ती धावत घरून मशीन घेऊन आली, बोटाला टोचलं, आकडा निघाला ४६.

सत्तरच्या खाली साखर गेली की मेंदूला इंधन कमी पडायला लागतं. तीन चमचे साखर पाण्यात घोळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचून बघितलं, मावशी उठून बसल्या. आणि पहिलं वाक्य काय बोलल्या? "मला साखर पाजलीत, माझं शील मोडलं का?" भन्तेजींनी त्यांना तिथेच समजावलं की आजारी भिक्खूंनादेखील दुपारनंतर तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी-गूळ औषध म्हणून घ्यायची मोकळीक विनयात दिलेली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ही सवलत दिली त्यांना आजारी माणसाचं शरीर ठाऊक होतं. आपल्यालाच ते ठाऊक नव्हतं. म्हणून हा विषय घेतला.

आधीच सांगतो, आम्ही डॉक्टर नाही. शिक्षण नववीपर्यंत. गिरणीत साचा खात्यात बदली म्हणून लागलो, गिरणी बंद पडल्यावर इकडे भाईंदरला स्टीलच्या रोलिंग मिलमध्ये आलो, ते अजून तिथेच आहोत. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि लोकलच्या डब्यात उभ्याने वाचून. या विषयातलं इंग्रजी मुलीने समजावून सांगितलं. आणि आम्ही स्वतः सोळा वर्षांचे मधुमेही आहोत, हा आमचा दाखला समजा.

मधुमेह हा आपल्या समाजाला नवा नाही. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने त्यांच्या रात्री जागरणात जायच्या. त्या प्रकृतीत त्यांनी राज्यघटनेचं काम केलं. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि पुढची साडेआठ वर्षं त्यांची औषधं आणि पथ्यपाणी माईसाहेबांनी पाहिलं. माईसाहेबांविषयी समाजात पुष्कळ बोललं गेलं, तो आजचा विषय नाही. पण त्यांनी १९९० साली लिहिलेलं 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे पुस्तक घरात असेल तर आजारपणाची पानं या नजरेने पुन्हा वाचा. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि त्यांना जो आजार होता तो आपल्या घरात निघाला की लपवून ठेवतो. मुलीचं लग्न जमायचं आहे, कळलं तर काय म्हणतील! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ साली आकडे प्रसिद्ध केले. देशात दहा कोटींवर मधुमेही. शिवाय साडेतेरा कोटी माणसं उंबरठ्यावर, आणि शेजारच्या गोव्यात तर शंभर मोठ्या माणसांमागे सव्वीस. तेव्हा कोण कोणापासून काय लपवणार?

आता मूळ मुद्दा, पोटातले जंतू.

जंतू म्हटलं की आपल्याला रोगच आठवतो. त्यात चूक काही नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याला रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. त्याच साली मुंबईत हाफकिन साहेबाने प्लेगची लस तयार केली आणि त्यांच्या नावाची संस्था आमच्या परळला आहे. पाळी सुटल्यावर आम्ही तिच्या भिंतीकडेने कितीदा चालत गेलो असू. तेव्हा जंतू म्हणजे शत्रू, एवढंच डोक्यात होतं. पण आपल्या आतड्यांत, मुख्यतः मोठ्या आतड्यात, जे जंतू वस्तीला आहेत त्यांची संख्या शास्त्रज्ञ सुमारे ३८ लाख कोटी धरतात. शरीराच्या स्वतःच्या पेशी साधारण तेवढ्याच, ३० लाख कोटी. या सगळ्या जंतूंचं वजन मात्र पाव किलोसुद्धा भरत नाही. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी आहेत आणि पुष्कळसे कामाचे आहेत.

ते काम काय करतात ते नीट ऐका. आपण भाकरी खाल्ली, मटकी खाल्ली, पालेभाजी खाल्ली. त्यातला पिठूळ भाग लहान आतड्यात पचतो, त्याची साखर होऊन रक्तात जाते. पण चोथा, म्हणजे कोंडा, सालं, देठांतला दोरेदार भाग, हा आपल्याला पचत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. तिथे जंतू त्याच्यावर तुटून पडतात, त्याला आंबवतात, आणि त्यातून काही आम्लं तयार होतात. त्यांतलं एक ब्युटिरेट. हे ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराचं अन्न आहे. अस्तर धडधाकट असलं की आतली घाण आत राहते. चोथा मिळाला नाही तर हे जंतू उपाशी मरतात, काही जातीचे तर आतड्यावरचा बुळबुळीत थरच खायला लागतात. अस्तर झिरपू लागलं की जंतूंच्या मेलेल्या शरीराचे तुकडे रक्तात शिरतात, शरीरात बारीक धुमसती आग लागते. त्या आगीत इन्सुलिनचं काम बिघडतं. इन्सुलिन असतं, पण पेशी त्याचं ऐकत नाहीत.

दुसरी गोष्ट. हीच आम्लं आतड्यातल्या काही पेशींना जागं करतात आणि त्या पेशी जीएलपी-१ नावाचा एक रस रक्तात सोडतात. तो स्वादुपिंडाला सांगतो, इन्सुलिन सोड. जठराला सांगतो, सावकाश. मेंदूला सांगतो, पोट भरलं. आजकाल वजन आणि साखर उतरवायची जी महागडी इंजेक्शनं पेपरात गाजतात, ती याच रसाची नक्कल आहेत. जंतूंमुळे जेवढा रस सुटतो तो इंजेक्शनच्या मानाने फार थोडा, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्या कोणी इंजेक्शन बंद करून कोंडा फाकायला लागेल.

हे सगळं परदेशातल्या पुस्तकातलं, असं कोणी म्हणेल. तर पुण्याचीच गोष्ट सांगतो. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था आहे. तेव्हा तिथे असलेले डॉ. योगेश शौचे हे आयुष्यभर जंतूंचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. त्यांनी, केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या डॉ. सरोज घासकडबी यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. पन्नासेक माणसांच्या विष्ठेचे नमुने घेतले. हसू नका, ज्याला आपण घाण म्हणतो त्यातच ही माहिती आहे, आणि घाणीला घाबरून दूर पळण्याची सवय आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको, उलट आपल्या माथी ती घाण मारणाऱ्यांनी ती लावून घेतली. असो. नमुन्यांचे तीन गट केले. निरोगी, नुकताच मधुमेह निघालेले, आणि जुने मधुमेही. त्यात दिसलं असं की ब्युटिरेट तयार करणाऱ्या जंतूंची जी कुटुंबं आहेत, ती निरोगी माणसांकडून नव्या मधुमेह्यांकडे आणि तिथून जुन्या मधुमेह्यांकडे पायरीपायरीने कमी होत गेली आहेत. २०१२ साली चीनमध्ये ३४५ लोकांची अशीच तपासणी झाली होती, तिथेही ब्युटिरेटवाल्यांचा तुटवडा निघाला होता.

आता इथे आमच्यासारख्या कामगाराला एक शंका येते. गिरणीत उत्पादन घटलं तर साहेब म्हणायचा, कामगार आळशी झाले म्हणून घटलं. कामगार म्हणायचे, कापूस खराब आला म्हणून घटलं. तसंच इथे. जंतू गेले म्हणून मधुमेह झाला, की मधुमेह झाला आणि औषधं चालू झाली म्हणून जंतू बदलले? एकदा तपासलेल्या नमुन्यावरून हे ठरत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना जी पहिली गोळी मिळते, मेटफॉर्मिन, ती स्वतःच आतड्यातले जंतू बदलते. २०१७ साली असाही प्रयोग झाला की मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसांचे जंतू, ज्यांच्या पोटात एकही जंतू नाही अशा उंदरांना दिले, तर उंदरांची साखर पचवायची ताकद सुधारली. म्हणजे त्या स्वस्तातल्या गोळीचं थोडं काम जंतूंमार्फतच चालतं. ॲमस्टरडॅमला तर सडपातळ माणसांचे जंतू जाड्या माणसांच्या आतड्यात सोडून बघितले. सहा आठवडे इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला, पुढे तो टिकला नाही. जंतू बाहेरून भरती करून भागत नाही, आत त्यांना रोजचं खाणं मिळावं लागतं. नाहीतर ते बदली कामगारासारखे, दाराशी येतात, काम नाही म्हणून परत जातात.

आणि हे खाणंच आपल्या ताटातून गेलं आहे. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, माणदेशातलं. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही चार वर्षांचे. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, कामावर पोरांना सुकडी. पण दुष्काळाच्या आधी आणि नंतर घरात काय होतं? बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकी, तांदुळजा, पाथरी, घोळ, अंबाडी. गरिबी होती, तिचं कौतुक करायला आम्ही आलो नाही. आईच्या वाट्याला भांड्याच्या तळाचं यायचं, आणि कधी तेही नाही. ज्यांना "जुनं ते सोनं" म्हणायचं असेल त्यांनी ती उपासमार आधी भोगून बघावी. एवढंच की पोटातल्या जंतूंना मात्र त्या अन्नात खुराक होता.

मुंबईत आल्यावर रेशनचा गहू-तांदूळ आला. रातपाळीला बारा ते सात जागायचं म्हणून चहा, तोही साखर जास्त घालून. १९८२ च्या संपात वडील घरी बसले, घर विकून सगळे या बाजूला, तेव्हाच्या खाजणाच्या आणि मिठागरांच्या भाईंदरला आलो. आज नवघर रोडवर संध्याकाळी उभं राहून बघा. स्टेशनपासून घरापर्यंत वडापाव, भजी, चायनीजच्या गाड्या, बेकरीचे खारी-टोस्ट. कामावरून थकून येणारी बाई सुटसुटीत म्हणून नूडल्सचं पाकीट घेते, तिला आम्ही दोष देणार नाही. पण आतड्यातल्या जंतूंना यात काय मिळालं? काही नाही. मैदा वरच्यावर पचून साखर झाला.

एक मोठा गैरसमज आहे तो काढू. साखर जाड्या लोकांना होते, आपण कष्टकरी, किडकिडीत, आपल्याला काय होणार? आमच्या धाकट्या भावाचा जन्म १९७३ चा. तो पोटात असताना आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. पोर जन्मलं तेव्हा ओंजळीएवढं होतं. मोठा झाला तरी काडीसारखा, आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्याला मधुमेह निघाला. आम्हाला कोडं पडलं होतं. पुढे डॉ. याज्ञिकांचं काम वाचण्यात आलं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडची ३.५ किलोची. वजन कमी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी जवळपास तेवढीच. म्हणजे वरून बारीक, आतून चरबी. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि आपल्या इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो एका मोठ्या वैद्यकीय पत्रिकेत छापला. दोघांचं उंचीच्या मानाने वजन सारखंच, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के. भावाला त्यामुळेच मधुमेह झाला असं आम्ही छातीठोक सांगणार नाही, एका माणसावरून तसं सांगता येत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या बायांना पोटभर मिळालं नाही, त्यांच्या नातवंडांना ताटात एकदम मैदा-साखर आली की काय होतं, याचा विचार आपण नाही करायचा तर कोणी करायचा? घरातल्या मुलीच्या ताटात अंडं, डाळ, पालेभाजी पडते का, हे आजच बघा. ती उद्याची आई आहे म्हणूनच नव्हे, तिला स्वतःला भूक लागते म्हणूनही.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. ही सांगितल्याशिवाय हे भाषण देण्याचा आम्हाला अधिकार नाही.

सहा वर्षांपूर्वी बोरिवलीच्या पलीकडे एका हॉलमध्ये मेळावा होता. सुटाबुटातल्या एका वक्त्याने हीच सगळी जंतूंची माहिती दिली, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. आम्ही प्रभावित झालो. शेवटी म्हणाला, आमच्या पुड्या घ्या, यात चांगले जंतू आहेत, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील. महिन्याला अठराशे रुपये. आयुष्यभर बुवाबाजीविरुद्ध बोलणारे आम्ही, गंडेदोरे तोडणारे आम्ही, त्या पुड्या घेऊन आलो. बुवा भगवा घालून आला असता तर ओळखला असता. शास्त्राची भाषा बोलला म्हणून फसलो. संध्याकाळची गोळी बंद केली. घरच्या मंडळींनी विचारलं तर त्यांनाच चार शब्द सुनावले. पाच महिन्यांनी डाव्या पायाला बुटाने फोड आला. कळलाच नाही, कारण पायाची जाणीव आधीच मंदावली होती. तपासलं तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ७.८ वरून १०.४ वर गेली होती. पायाचं करंगळीशेजारचं बोट काढावं लागलं. हे चप्पल काढून दाखवायला लाज वाटत नाही, दाखवलंच पाहिजे म्हणून दाखवतो.

म्हणून आता जे सांगतो ते तोलून मापून सांगतो. २०१८ साली चीनमधल्या शांघायच्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४३ मधुमेही, दोन गट, दोन्ही गटांना एकच गोळी चालू. एका गटाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्या गटाला भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेचा चोथा असलेला आहार. बारा आठवड्यांनी चोथावाल्या गटात शंभरातल्या ८९ जणांची तीन महिन्यांची सरासरी सातच्या खाली आली, दुसऱ्या गटात ५० जणांची. आणि चोथ्यावर वाढणारे, ब्युटिरेटसारखी आम्लं करणारे जंतू ज्यांच्या पोटात जास्त वाढले, त्यांची साखर जास्त सुधारली. प्रयोग लहान आहे, माणसं चीनची आहेत. पण लक्षात घ्या, गोळी कोणीही बंद केली नव्हती. गोळीही चालू आणि ताटही बदललेलं.

आम्ही काय केलं? गोळ्या डॉक्टर सांगतील तशा पुन्हा सुरू केल्या. दोन्ही वेळच्या चपातीतली एक वेळ भाकरीला दिली, ज्वारी, बाजरी आलटून पालटून. कधी नाचणी. भात एक वाटी, त्यावर डाळ दोन वाट्या, आणि जेवणाच्या आधी काकडी-मुळा-गाजर किंवा पालेभाजी. मोड आलेली मटकी, हुलगे, चवळी. सुरुवातीला एकदम केलं तर पोट फुगलं, वारा सरायला लागला, रोलिंग मिलमधली पोरं पळायला लागली! जंतूंनाही सवय व्हावी लागते. म्हणून आठवड्याला थोडं थोडं वाढवा आणि पाणी प्या. ताक, आंबील प्यावं, त्यात जिवंत जंतू असतात. ते बहुतेक पाहुण्यासारखे येऊन जातात, तरी वाईट काही नाही, मात्र साखर घालू नका. एक ताई विचारत होत्या, शिळा भात बरा म्हणतात, खरं का? भात शिजवून गार केला की त्यातला थोडा स्टार्च घट्ट होतो, वर पचत नाही, खाली जंतूंना मिळतो. पण थोडाच. परातभर शिळा भात खायचा परवाना नाही, आणि उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर ठेवलेला तर मुळीच खाऊ नये. ज्यांची किडनी बिघडली आहे त्यांनी डाळी आणि भाज्या वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावं, त्या गोळीने ते कमी होतं आणि पायाला मुंग्या येतात, आपण मात्र साखरेवर ढकलून मोकळे. आणि जुलाब झाले की मेडिकलवाल्याकडून मनाने अँटिबायोटिकच्या गोळ्या आणायचं सोडा. त्या गोळ्यांनी चांगले-वाईट दोन्ही मरतात.

आमची सरासरी साखर आज ७.१ आहे. त्यात जंतूंचा वाटा किती, भाकरीचा किती, गोळीचा किती आणि संध्याकाळी जेसल पार्कच्या खाडीपर्यंत चालत जाण्याचा किती, ते आम्हाला वेगळं करून सांगता येणार नाही. सगळे एका पाळीत काम करतात. गेलेलं बोट काही परत येत नाही.

खिरीचा प्रश्न राहिला. महिला मंडळात यावरून वाद झाला हे आम्हाला माहीत आहे. बुद्ध पौर्णिमेला सुजाताची खीर द्यायची नाही का, असं काही मायमाउल्यांनी डोळ्यांत पाणी आणून विचारलं. अहो, खीर कोण बंद करतंय? संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. तो द्रोणभर भाताचं जेवण जेवायचा आणि धापा टाकत बुद्धांकडे यायचा. बुद्धांनी त्याला अन्न सोडायला सांगितलं नाही. मात्रा ओळखून खाण्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने काय करावं? एका तरुणाला ती पाठ करायला लावून आपल्या जेवणाच्या वेळी रोज म्हणायला बसवलं. हळूहळू एका नाळीभर भातावर आला आणि हलका झाला. आम्हाला या गोष्टीत राजापेक्षा तो तरुण महत्त्वाचा वाटतो. रोज ताटाशी बसून आठवण करून देणारं कोणी तरी लागतं. आमच्या घरी ते काम नातू करतो, आणि फार कडक करतो.

तेव्हा कार्यकारिणीत असं ठरलं आहे. खिरीची वाटी लहान, ज्यांना साखर आहे त्यांना दोन चमचे, तेही भोजनानंतर, रिकाम्या पोटी नाही. भोजनदानात चपातीबरोबर ज्वारीची भाकरी आणि मोड आलेल्या कडधान्याची उसळ राहील, भाकऱ्या थापायला पुरुषांनीही बसायचं आहे, नावं द्या. अष्टशील घेणाऱ्या मधुमेही उपासक-उपासिकांनी आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांकडून त्या दिवसाचा गोळी-इन्सुलिनचा हिशेब विचारून यावं आणि भन्तेजींना तसं सांगावं. बारा वाजायच्या आत आधी त्यांना वाढायचं, मग बाकीच्यांनी जेवायचं.

बुद्धमूर्तीच्या उजव्या हाताच्या कपाटात खालच्या फळीवर एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. त्यात साखर तपासायचं मशीन, साखरेची बरणी, चमचा आणि पेला आहे. कोणाला घाम, थरथर, भ्रम झाला तर आधी बोट टोचा. मशीन चालवता येत नसेल तर वाट न बघता साखरपाणी द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं, सरळ रिक्षात घालून दवाखाना गाठा. कपाटाची एक किल्ली भन्तेजींकडे, दुसरी आमच्याकडे. मशीनच्या पट्ट्या पन्नास आणल्या होत्या, एकोणीस उरल्या आहेत आणि त्यांची मुदत पुढच्या महिन्यात संपते. ज्यांना वर्गणी द्यायची आहे त्यांनी खाली उतरताना खजिनदारांकडे द्यावी, पावती घ्यावी.

जय भीम. नमो बुद्धाय.